अकरा नंबरचं माप

प्रिय भिंगरी,

हे नाव तुमच्यात चालत नाही, ठाऊक आहे मला. तिथं तुला आता काय म्हणून हाक मारतात ते मला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तरी माझ्या जिभेवर ते बसलं नसतं. ही चिठ्ठी मी कपड्यांच्या गठ्ठ्यावर, अगदी वर, उघडीच ठेवणार आहे. म्हणजे तुझ्या आधी ती तुमचे थोरले वाचतील, थोरल्यांच्या शेजारी बसणारे वाचतील, आणि मग त्यांना वाटलं तर तुझ्या हातात पडेल. वाचोत बापडे. मी चोरून काही लिहीत नाहीये, माझ्या सख्ख्या बहिणीला लिहितेय. वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, की वाचून झाली की तिला द्या. फाडायचीच असेल तर तिला फाडू दे.

दुकान होतं तसंच आहे. पुढच्या खोलीत दोन मशीन, मागे आपली राहायची खोली, मध्ये तो पडदा, जो तू दर वेळी ओढून अर्धा खाली पाडायचीस. आईचं काळं मशीन खिडकीशीच आहे. मी त्यावर काम करत नाही, पण दर आठवड्याला तेल घालते, नाहीतर जाम होईल. शाळेतले मास्तर अजून दर वर्षी तीच पँट सैल करून घ्यायला येतात. आता आत शिवणीच्या दाबाला सोडायला कापडच उरलेलं नाही, पण हे त्यांच्या तोंडावर सांगायची माझी छाती होत नाही, म्हणून मी हूक अर्धा इंच सरकवते आणि ते खूश होऊन जातात. मला चष्मा लागला. सुई ओवायला आता दिव्याखाली जावं लागतं. तू असतीस तर मला म्हातारी म्हणून चिडवून बेजार केलं असतंस, आणि मीही तुला चार शब्द सुनावले असते.

तुमच्यात मागचं बोलायचं नसतं म्हणे. म्हणून मी मुद्दाम बोलणार आहे. तुझं बाळ जन्मलं ते न रडताच जन्मलं, त्या दिवसापासून सुरू करते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मी दवाखान्यात आले होते. तुझ्या पायाशी बसले, आणि काय बोलावं ते न सुचून म्हटलं, की होईल गं, दुसरं होईल. तू माझ्याकडे पाहिलंस ते मला अजून दिसतं. दोन दिवसांनी मी दुकान उघडलं. एका लग्नाचे अकरा-बारा कपडे अडकले होते, ग्राहक दारात उभे होते, आणि खरं सांगायचं तर मला तुझ्या त्या खोलीत बसवतच नव्हतं. आई येत होती, पण तीही येऊन फक्त भांडी घासायची आणि रडायची. आणि मग ती मंडळी आली. करड्या झग्यातल्या दोन बाया आणि एक पुरुष. त्यांनी तुला काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. नऊ आठवडे रोज येऊन ते नुसते तुझ्याजवळ बसले. बायांनी तुझे केस विंचरले. तुझा नवरा, इतका नाकासमोर चालणारा माणूस, विजेच्या तारांशिवाय ज्याला कशात गम्य नव्हतं, तो त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी वर्षानुवर्षं त्या लोकांना शिव्या घातल्या. फूस लावली म्हटलं, जादू केली म्हटलं. आता म्हणत नाही. ते नऊ आठवडे बसले आणि मी दोन दिवस, यात जादू कसली आली.

तू नवऱ्याबरोबर त्यांच्या वस्तीत राहायला गेलीस तेव्हा मला वाटलं, दुःख ओसरलं की येईल. तुझे रंगीत कपडे तू स्वतः आणून दुकानात ठेवलेस, म्हणालीस की कुणाला उपयोगी पडतील. मी ते कुणाला दिले नाहीत. मग वर्षभरानं आई तुला आणायला निघाली. दोन जोड कपडे घेतले, पिशवीत खोकल्याच्या गोळ्यांची डबी टाकली, आणि जाताना मला बजावलं, की रविवारपर्यंत त्या पोरीचा कान धरून आणते, तोवर माझ्या मशीनला हात लावू नकोस, तुझा पाय जड आहे. तीन आठवड्यांनी तिचं पत्र आलं, चार ओळींचं. मला इथं शांत वाटतं, मी राहते, तू काळजी करू नकोस, कामाकडे लक्ष दे. बस. आईच्या हातचं पत्र, आणि त्यात एक टोमणा नाही. अक्षर तिचंच होतं, पण मी ते पुन्हा पुन्हा वाचून त्यात तिला शोधत बसले.

मी आले होते तिथं, विसरली नसशील. फाटकापाशी. तुम्ही दोघी आत दहा पावलांवर उभ्या होतात, सारख्याच करड्या झग्यांत, हात पुढे गुंफलेले. तू मला म्हणालीस, तुम्ही बऱ्या आहात ना. मी हसले, मला वाटलं थट्टा करतेय. मग मी आईकडे वळले, आणि आईनंही मला तुम्ही म्हटलं. ज्या बाईनं मला पट्टीनं बडवून बडवून काज करायला शिकवलं, तिनं मला तुम्ही म्हटलं, आणि नजर खाली घातली. येताना बसमध्ये मी काही रडले नाही. पण त्या दिवसापासून एक सवय लागली, ती सुटत नाही. बाजारात करड्या कपड्यातली कुठलीही बाई पाठमोरी दिसली की माझे डोळे तिचं माप घेतात. पाठ किती, खांदा किती, उंची किती. आईचं नाही, हे कळेपर्यंत मी तिच्या मागोमाग चालत राहते. एकदा तर एका बाईनं वळून मला झापलं, की काय पाहिजे. मी म्हटलं, काही नाही, कापड छान आहे.

मग चार वर्षांपूर्वी तुमच्या वस्तीचा गाडीवाला दुकानापुढे थांबला. करड्या कापडाचे ठाण आणि मापांची यादी. तुमच्याकडच्या शिवणाऱ्या बाईंचे डोळे गेले, बाहेरून शिवून हवंय, म्हणाला. यादीत नावं नाहीत, नुसते नंबर. अक्षर तुझं. माझं नाव तूच सुचवलं असशील, असं मी धरून चालले. नसेल तर नसेल, मला तसं धरून चालू दे. नऊ नंबरला डावा खांदा अर्धा इंच खाली लिहिला होता. जिन्याच्या कठड्यावरून घसरून पडली होतीस, सात वर्षांची होतीस, त्यानंतर तो खांदा कधी सरळ झालाच नाही. अकरा नंबरला बाही आखूड, कंबर अडतीस. आईच. मी दुकान अर्धं बंद केलं आणि ती यादी मांडीवर घेऊन बसले. वर्षभर ज्यांचा आवाज ऐकला नव्हता, त्या दोघी माझ्या हातात होत्या.

तेव्हापासून वर्षातून दोनदा यादी येते, आणि तुम्ही कशा आहात ते मला कळतं. तू मध्ये जाड झालीस आणि पुन्हा उतरलीस. मी काय समजायचं ते समजले, कुणाला बोलले नाही. आईचं मात्र दर वेळी कमीच. अडतीस, छत्तीस, तेहतीस. पाचव्या यादीत एकोणतीस. माझ्या हातात टेप होता, मी तो एकोणतीस इंचांवर धरून गोल केला आणि त्या गोलाकडे बघत राहिले. गाडीवाल्याला चहा पाजून विचारलं. खोकतात फार, एवढंच म्हणाला. औषध घेत नाहीत का, तर म्हणाला, तिथं मागायची पद्धत नाही.

आता थोरल्यांनो, हे तुमच्यासाठी आहे, नीट वाचा. तुमच्या झग्याला खिसा नसतो, कारण माणसाजवळ स्वतःचं काही असू नये, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी अकरा नंबरच्या झग्याला आतून, डाव्या शिवणीत, दोन बोटांचा खिसा केला आणि त्यात खोकल्याच्या चार गोळ्या ठेवल्या. तिनं मागितला नव्हता. तिला ठाऊकही नव्हता. मला वाटलं, अंगात घालताना हाताला लागेल, एखादी चघळेल, आणि मला मनात दोन शिव्या देईल. पुढच्या यादीत सगळ्यात खाली तुझ्या अक्षरात एक ओळ आली, की आतून काहीही शिवू नये. आणि दहानंतर एकदम बारा. अकरा नव्हतंच. गाडीवाला म्हणाला, ज्यांच्याकडे असं काही सापडतं त्यांना वेगळं बसवतात, मन निवळेपर्यंत कुणी त्यांच्याशी बोलत नाही, नवं कापडही देत नाहीत. माझी आई, जी एकटी असली तर मशीनशी बोलायची. चूक माझी होती, शिक्षा तिला झाली. सातव्या यादीतही अकरा नव्हतं. तिला तुम्ही किती दिवस तसं ठेवलंत ते मला माहीत नाही, पण तिचा काडीचा दोष नव्हता, हे कुठंतरी लिहून ठेवा. उशीर झालाय, तरी लिहा.

भिंगरी, ती शेवटची ओळ लिहिताना तुझा हात कसा चालला असेल, हे मी वर्षभर विचारतेय स्वतःला. तो खिसा तुलाच सापडला का? सापडला असेल तर तू तो दाखवलास का? मला उत्तर नको आहे. दाखवला असशील तरी तू माझी बहीणच आहेस, त्याला काय करणार. पण टाके घालता घालता हे मनात येतं, आणि मग मशीन थांबवून मला दारात जाऊन उभं राहावं लागतं. अन्न जात नाही. शेजारची म्हणते, डॉक्टरला दाखव. मी म्हणते, दाखवते.

सोमवारी आठवी यादी आली. आणि दहानंतर अकरा होतं. मी खुर्चीवरून उठलेच. मग मापं वाचली. बाही साडेतेवीस. उजव्या बाहीचा मुंढा डाव्यापेक्षा पाव इंच मोठा, कात्री चालवणाऱ्या हाताचा असतो तसा. आठ वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाच्या कपड्यांसाठी तूच टेप धरला होतास, तेव्हाची माझी मापं, एकही न चुकता. गाडीवाल्यानं मला मागेच सांगितलं होतं, की माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत. तेव्हा तुझ्या एका ओळीत मला दोन गोष्टी कळल्या. आई गेली. आणि तिची जागा तू माझ्यासाठी मागून घेतलीस. तू प्रेमानंच केलं असशील. मी तो झगा कापला, शिवला, आणि काल भरदुपारी अंगात घातला. मला वाटलं होतं आता होणार नाही, पण या वर्षात मी इतकी उतरलेय, की बरोबर बसला. तेवढ्यात मास्तर पँट घ्यायला आले आणि मला बघून हळू आवाजात बोलायला लागले, चपला बाहेर काढल्या, पहिल्यांदाच मला ताई म्हणाले. मला बरं वाटलं गं. तासभर मी तो काढलाच नाही. तुझ्या शेजारी बसता येईल, रोज तुझा तो वाकडा खांदा दिसेल, आणि आता एकटीनं काही ठरवावं लागणार नाही, असं सगळं मनात येऊन गेलं. मग मी तो काढला, उसवला, एकेक शिवण. यादीत बेचाळीस होते, गठ्ठ्यात एक्केचाळीस आहेत. मोजताना चुकलं असं समजू नकोस. बेचाळिसाव्याचे तुकडे तळाशी इस्त्री करून ठेवलेत, कापड तुमचं आहे. मी येणार नाही. तुला कधी यावंसं वाटलं तर ये, विचारायचं काही कारण नाही. मला फक्त एक हवंय, आणि तेवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. आई कुठल्या दिवशी गेली, ते पुढच्या यादीत अकरा नंबरपुढे मापाच्या जागी लिही. नुसती तारीख घाल. त्या दिवशी मी इथं बसून कुणाचं काय शिवत होते, ते मला दुकानाच्या वहीत बघायचंय.

तुझीच,
ताई