पहिल्या हाकेला

विमानतळ वसाहत,
३ ऑगस्ट २०२४

ती. लीलाआत्यास,
अमोलचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे माझं अक्षर तरी सुधारतंय. हा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ उघडायच्या बेतात आहे. वीसेक वर्षं तो नुसता नकाशात होता. मग टेकडी फोडली, ओढा वळवला, गाव उठवलं. टर्मिनलमधल्या आवाजाची मांडणी माझ्याकडे. छताच्या लाकडी पट्ट्या सगळा गलका पिऊन टाकतात. इथे कुणाला नाव घेऊन पुकारायचं नाही, पाट्या वाचायच्या. म्हणजे तुझी सोयच!

पण परवा भोंगे बंद असताना बाईच्या आवाजात आमच्या वायरमनला, विश्रामला, हाक आली. एकदाच. तो ओ देऊन दारापलीकडे गेला, तो अजून सापडलेला नाही.

गोळ्या घेत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा अमोल


कोळवण, ता. मुळशी,
१० ऑगस्ट

चि. अमोल यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

भात लावून झालं. शेजारची रेश्मा पिरंगुटला कंपनीत लागली. तुझं पत्र वाचून मात्र घास गोड लागेना. गाव उठवताना माणसांना विचारलं असेल. वेशीवरच्या राखणदाराला विचारलं का? रेश्माच्या आजीने खुणा करून सांगितलं, की मानसं उठली तरी त्यो उठत न्हाई. त्यात तुम्ही हाकाच बंद केल्या. त्याला मैदान मोकळंच झालं.

माणूस तीनदा हाक मारतो, जे माणूस नाही ते एकदाच. म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे तुला चालता येईना तेव्हापासून सांगितलंय. मी बहिरी झाले तरी तू फाटकातून तीनदा ओरडतच येतोस. आईमागे तुला मी वाढवलं, तुझ्याशिवाय मला कोण आहे? माझी शपथ आहे, गप्प राहा.

सुखरूप अस, एवढंच मागणं.

लीलाआत्या


विमानतळ वसाहत,
१९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शपथ मोडली गं. भर दुपारी रिकाम्या टर्मिनलमध्ये पट्ट्या तपासत होतो. कुणीतरी अमल्या म्हणालं. जेवायला बोलावतेस ना, अगदी तसं, तुझ्याच आवाजात. एकदाच. कळत होतं, तरी ओ निघून गेली.

झालं काहीच नाही. फक्त तेव्हापासून मी बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. निरंजन माझ्या टेबलाशेजारी बसतो, तोही समोरून निघून जातो. मला भीती वाटते, आत्या. रविवारी घरी येतो. तीनदा हाक मारीन, खिडकीतून बघ, मगच दार उघड.

आहे तसा पदरात घे.

अमोल


कोळवण,
रविवार, २५ ऑगस्ट

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नाही, तरी लिहिते. सकाळपासून दाराशी बसले आहे. तुझ्या आवडीचं अळूचं फदफदं केलंय. कुकरची शिट्टी ऐकून मला वर्षं झाली. पण मघाशी फाटकातून तुझी हाक आली, आत्या म्हणून. इतकी स्वच्छ, की अंगावर काटा आला. रेश्मा जवळच होती. ती हातवारे करून म्हणाली, मला काय बी ऐकू आलं न्हाई, आन् फाटकात तर कुणीच न्हाई.

हात कडीवर आहे. बाहेर पाऊस कोसळतोय. तूच असशील तर भिजतो आहेस, या विचाराने जीव तुटतो.

एक झाली, बाळा. उरलेल्या दोन मार रे. ओ तोंडात धरून बसले आहे.

तुझी आत्या