शेवग्याखालची ओल

आप्पा, काल लातूरहून आत्याच्या लेकीचा फोन आला होता, आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडून बसले आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. माझी नातवंडं लग्नाला आली. या वयात मेलेल्या बापावर रुसून बसावं हे काही बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण रात्रीची भाकर गेली नाही, तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

देगलूरच्या आपल्या घरी मागच्या अंगणात, न्हाणीजवळ, तांब्याचा बंब होता. तो पेटवायचं काम माझं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. लिंगपूजेआधी तुमची आंघोळ, आणि आंघोळीला कढत पाणी, मग वैशाख का असेना. मी बंब गळ्यापर्यंत भरते, मधल्या नळीत तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, कोंबते, वर लाकडाच्या ढलप्या घालते. तुम्हाला दोन घागरी पुरतात, बाकीचं पाणी दुपारपर्यंत निवून जातं. आई रोज ओरडायची, "उन्हाळ्यातच समदं जाळून बसा. पावसाळ्यात वल्या लाकडासंगं डोळे मीच फोडून घेते." तिचं खरं होतं. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. सरपणाच्या गाड्या नाक्यावर अडकून पडायच्या आणि गावात जळण वेळेवर मिळायचं नाही.

पण पाणी तापायला अर्धा तास लागायचा, आणि तो अर्धा तास तुम्ही माझ्याशेजारी पाटावर बसायचात. दुकानात तुम्ही गिऱ्हाइकांचे. घरात पाऊल टाकलं की तुमच्या तोंडाला कुलूप. बोलायचात ते फक्त बंबापाशी. शाळेत सगळं उर्दूतनं, पोरीला ते काय करायचंय, असं घरातल्यांचं म्हणणं, म्हणून मला शाळेत घातलं नव्हतं. तरी तुम्ही न्हाणीच्या फरशीवर कोळशानं उर्दूतला अलिफ काढायचात, बे काढायचात, मी गिरवायची. मग तुमच्या आंघोळीच्या पाण्यात ती अक्षरं धुऊन जायची. मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण उद्या पुन्हा बंब पेटणार असायचा.

आत्याचा नवरा वारला त्या उन्हाळ्यात तिची लेक आपल्याकडे राहायला आली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, लातूरच्या शाळेत जाणारी. तिनं चार दिवस नुसतं बघितलं आणि पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, "मामा, लई जळण जाऊन राहिलंय. बंब दिसभर उन्हात ठिवू, सांजच्याला गोधडी गुंडाळू. सकाळी पाणी ऊनच ऱ्हातंय. समद्यांनी एकामागं एक आंघोळी उरकल्या की काडी लावायचं काम न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गोधडीखाली हात घातलात, आणि तिच्याकडं बघून म्हणालात, "हाव, पोरीला डोकं हाय." मला तुम्ही असं कधी म्हणाला नव्हतात. पेटवणं संपलं, तसा तुमचा पाटही भिंतीला टेकला. मी काफपर्यंत आले होते. पुढचं मला कोण शिकवणार होतं? तिला तर सगळी अक्षरं आधीच येत होती. ती परकर आवरत अंगणात वावरायला लागली की मी तिच्याकडं पाठ करून बसायची.

आठव्या दिवशी पहाटे आई जात्यावर बसलेली असताना मी बंबाची तोटी सोडली. चार घागरी ऊन पाणी शेवग्याच्या बुडाशी गेलं. मग हौदातलं गार पाणी भरून गोधडी होती तशी गुंडाळली. विहीर तळाला गेलेली, घोटभर पाण्यालाही बायका जपत होत्या, आणि मी हे केलं. तुम्ही गार पाण्यानं आंघोळ केलीत. तीच रडवेली होऊन म्हणाली, "गोधडी नीट बसली नसंल, मामा. माझंच चुकलं." मी तिच्याशेजारीच उभी होते.

संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "गोधडी गुंडाळा. पण सकाळी मूठभर तुराट्या लावत चला."

"पाणी तर ऊनच असतंय की, मामा."

"असू दे."

आणि तुम्ही पुन्हा पाट घेऊन बसलात. मूठभर तुराट्यांचा तुम्ही अर्धा तास करायचात. एक विझत आली की दुसरी, तीही अर्धी मोडून. काफ झाला, लाम झाला. त्या साली कोरडं जळण पोळ्यापर्यंत पुरलं, आणि आईनं सगळ्या गल्लीत आत्याच्या लेकीचं कौतुक केलं. मी ते खुशाल करू दिलं. माझ्या मते मी जिंकले होते.

काल फोनवर जुन्या गोष्टी निघाल्या. तेव्हा ती हसत म्हणाली, "तुला म्हाईतच न्हाई व्हय? मामांनी त्याच दिशी शेवग्याखाली वल बघितली व्हती. मला म्हणाले, तिला काय बोलू नकू. तिला पाणी न्हाई तापवायचं, तिला बसायचंय."

एवढी वर्षं हे वाक्य तिच्यापाशी होतं, आप्पा. माझ्याबद्दलचं, तुमच्या तोंडचं, आणि ठेवायला दिलंत तिच्याकडे. तुम्हाला ते मला एकदा, कधीतरी, तुमच्या शेवटच्या दुखण्यात तरी सांगता आलं असतं. मी तेव्हा रोज तुमच्या उशाशीच होते.

हे कुठं धाडायचं नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. ते पाणी ओतल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पुन्हा तशी सकाळ आली तर मी पुन्हा तोटी सोडीन. फक्त गार पाणी भरायला पळणार नाही. तुम्ही येईपर्यंत त्या ओल्या मातीत उभी राहीन, म्हणजे जे काय बोलायचं ते तुम्हाला मलाच बोलावं लागेल.