अस्वलाचं लग्न

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीनं, त्यावर जाऊ नकोस. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज केला की नुसता अंगठा दाखवतोस. म्हणून हे कागदावर लिहितेय. कागदाला अंगठा दाखवता येत नाही. शेवटपर्यंत वाच, मधेच घडी घालून खिशात टाकू नकोस, आणि बायकोला वाचायला देऊन ‘काय म्हणतेय ताई’ असं विचारू नकोस.

तुझ्या त्या मंडळींनी, बाबा ज्यातल्या अस्वलाला आवाज द्यायचे त्या जुन्या कार्टूनच्या चाहत्यांनी, नवा भाग बनवून अखेर अस्वलाचं लग्न लावलं. मी पाहिलं. अस्वल छत्रीच्या काड्या बसवता बसवता थांबतं, होडीवाल्या पाणकोंबडीकडे बघतं आणि म्हणतं, ‘तू नसलीस की मला नदी ओलांडावीशीच वाटत नाही.’ आपल्या बाबांच्या आवाजात! बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. हे वाक्य त्यांनी उभ्या जन्मात कुणापुढे उच्चारलं नाही, आईपुढे तर नाहीच नाही. ते यंत्रानं बनवलं. पण यंत्राला बाबा शिकवायला नुसता आवाज लागतो, मागे वाद्यं नकोत, पाखरांची किलबिल नको. तसा आवाज फक्त बाबांनी स्टुडिओतून घरी आणून ठेवलेल्या टेपांमध्ये होता. ‘आठवण म्हणून नेतो’ म्हणालास तू, आणि मी मूर्ख, मीच खोका बांधून दिला, वर सुतळीची गाठही मारली. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, अशी म्हण आहे. तू परक्या लोकांना बाप काढून दाखवलास, आणि आम्हाला एका शब्दानं विचारलं नाहीस.

मला आधी वाटलं, शाळकरी पोरं असतील. लहान मुलांचं कार्टून, त्याच्या नादी लहान मुलंच लागणार. पण मी त्यांच्या फोनवरच्या गटात शिरले आणि कपाळावर हात मारला. गटाची म्होरकी दातांची डॉक्टर आहे. एक जण बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. एक जण लिफ्टची तपासणी करतो, आणि मला त्या लिफ्टमध्ये चढणाऱ्यांची काळजी वाटते. सगळे चाळिशीला टेकलेले, बायका-मुलांचे धनी. त्यांच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, अस्वलाचा जीव पाणकोंबडीवर. दुसरा म्हणतो, छे, त्याचा जीव शाळेतल्या शेळीबाईंवर, पाणकोंबडी म्हणजे नुसता बहाणा. यावरून ही मोठी माणसं एकमेकांची अक्कल काढतात, मैत्री तोडतात. मध्यंतरी एकानं दुसऱ्याला ‘तुला प्रेम म्हणजे काय ते कळतच नाही’ असं सुनावलं, तर त्याची बायकोच मध्ये पडली आणि म्हणाली की यांना खरंच कळत नाही. तेवढं एक मला पटलं.

आणि पुरावे काय? तर म्हणे, अस्वल सगळ्यांशी खणखणीत बोलतं, पाणकोंबडीशी मात्र खालच्या, जाडसर आवाजात. शिवाय तिच्याशी बोलण्याआधी ते एक खोल श्वास घेतं. तो श्वास म्हणजे न बोललेलं प्रेम. त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी असे सगळे श्वास एकापुढे एक जोडून ठेवलेत आणि त्यावर त्या तासभर बोलल्या आहेत. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं मी पाहिली आहेत, पण या बाईंनी तिथं जाऊन बिऱ्हाड थाटलंय. अरे, तुला तरी ठाऊक होतं ना? तूही माझ्याबरोबर त्या स्टुडिओत काचेमागे बसून गृहपाठ करायचास. बाबा दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना ‘आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?’ असं विचारून दमून यायचे. दिग्दर्शक एकेका जागेचे प्रसंग एकदमच उरकायचा. आधी बाजार, मग अस्वलाचं दुकान, सगळ्यात शेवटी नदी. बाजारात अस्वलाला साऱ्या जनावरांच्या वरताण ओरडावं लागे. नदी येईपर्यंत बाबांचा घसा बसलेला आणि दमा उसळलेला. पाणकोंबडी नदीवरच राहते, दुसरीकडे जाणार कुठे? तिच्या वाट्याला कायम बसलेला घसा आला. आणि तो प्रेमाचा श्वास म्हणजे दम्याची धाप होती.

‘जपून जा’चंही तेच. अस्वल बाकी सगळ्यांना ‘या मग’ म्हणून वाटेला लावतं, आणि तिला एकटीला ‘जपून जा’ म्हणतं, म्हणून या लोकांनी म्हणे टी-शर्टांवर ते छापून घेतलंय. चित्रं आधी तयार होऊन यायची, आवाज मागून भरायचा. होडी सुटते तिथं अस्वलाचं तोंड लिहिलेल्या वाक्यापेक्षा जरा जास्तच हलत होतं. ‘टाका काहीतरी’ म्हणाला दिग्दर्शक, आणि बाबांनी ‘जपून जा’ टाकलं. तिच्याऐवजी बैल असता तर बैलालाही टाकलं असतं. पाणकोंबडीचा आवाज देणाऱ्या बाई तर सकाळीच येऊन जायच्या. बाबांनी त्यांच्याशी काय तो संसार केला, तो समोरच्या काचेकडे बघून केला.

हे सगळं मी गटात लिहिलं. सभ्य शब्दांत, माझ्या मानानं. त्यावर काय उत्तर आलं ठाऊक आहे? की आवाज देणाऱ्याला स्वतःलाही कळत नसतं तो काय बोलून जातो ते. म्हणजे माझ्या बापाच्या छातीत काय चाललं होतं ते मला नाही, त्यालाही नाही, या लिफ्टवाल्याला माहीत! माझ्या हातातला चहा गार झाला आणि डोकं तापलं ते आजतागायत उतरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही, कारण ती त्यांच्या बापाची मालमत्ता नव्हे. तुला सांगते, कारण तूही ती विसरलेला दिसतोस. ज्या दिवशी स्टुडिओ असे त्या दिवशी बाबा घरात बोलत नसत. घसा राखायचा म्हणून. बोटानं दाखवायचे, भुवया उडवायचे, आणि आईला खूण कळली नाही की ताटाशेजारी बोटं आपटायचे. आणि ज्या दिवशी स्टुडिओ नसे त्या दिवशी खेकसायचे. पंखा कुणी चालू ठेवला, खिडकी कुणी उघडली, पेपरची घडी कुणी मोडली. आईही काही कमी नव्हती. गणवेशाच्या दुकानात दिवसभर काजं करून आलेली बाई, ती ऐकून थोडीच घेणार? दोघांची रोज जुंपायची. शाळेत मुलं आपल्याला विचारायची, तुझे बाबा घरी पण तसेच गोड बोलतात का रे? आपण दोघंही ‘हो’ म्हणायचो. घरोघरीच्या पोरांना अस्वलकाका मिळाले आणि आपल्याला मिळाला चष्मेवाला. मला याचा राग आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावते. तोही माझा बाप आहे, मला कुणाची परवानगी नको.

आता आईचं सांगते. वरच्या मजल्यावरच्यांची सून, दुधखुळी, फोन नाचवत खाली आली. काकू, काकांचं लग्न लागलं बघा! आई इस्त्री करत होती. तिनं चष्मा लावून सगळं पाहिलं. भाग संपल्यावर त्या सुनेनं खालचे अभिप्रायही वाचून दाखवले. कुणीतरी लिहिलं होतं, खऱ्या आयुष्यातही आवाज देणाऱ्या या दोघांचं काहीतरी असणार, इतका खरा सूर उगाच लागत नाही. त्याखाली ढिगानं लाल बदाम. आई एकाच उशीच्या अभ्र्यावरून इस्त्री फिरवत राहिली. मग कितीतरी दिवसांनी, मी तिचे पाय चेपत असताना, तिनं भिंतीकडे बघत विचारलं, ‘ती दिसायला कशी होती गं?’ धाकट्या, त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुझ्या कानाखाली आवाज काढला असता, आणि तो कुठल्या यंत्रानं बनवलेला नसता.

पाणकोंबडीच्या आवाजवाल्या त्या बाईंचाच पुढे फोन आला. त्यांच्या नातवानं त्यांना तो भाग दाखवला होता. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागत होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, मी तुमच्या यजमानांना एकदाच पाहिलं, बक्षीस समारंभात, आणि तेव्हाही ते माझ्या चष्म्याचा नंबर चुकलाय एवढंच बोलले. मग दोघींचं गुडघ्यांवर सुरू झालं ते संपेचना. फोन ठेवून आई म्हणाली, ‘बाई चांगली आहे. तुझ्या बाबांना झेपली नसती.’ तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

पण तुझ्यावरचा राग काही गेला नाही. त्या भागाच्या शेवटी अक्षरं येतात, ‘विशेष आभार: अस्वलाचा मुलगा’. मी ते थांबवून पुन्हा पुन्हा वाचलं. मग मी कोण रे, शेळीबाईंची मुलगी? चिडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तू हे का केलंस. बाबांचं तुझ्याशी शेवटचं बोलणं दारात झालं, सगळा जिना ऐकत होता. ‘पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस’ म्हणाले. तूही असा पक्का की टाकलं नाहीस, ते गेल्यावरचे दोन दिवस सोडले तर. त्या दोन दिवसांतही तू आईशी मान हलवूनच बोललास. तुला तो दारातला आवाज पुसून टाकायचा होता. तुला गोड बोलणारा बाप हवा होता, म्हणून तू त्या मंडळींकडून तो करवून घेतलास. मला कळतं. मलाही हवा होता. पण त्यासाठी आईच्या नवऱ्याचं दुसरीशी लग्न लावायची काय गरज होती?

इथवर लिहून मी हे पत्र खरं तर ‘तो भाग ताबडतोब काढून टाकायला लाव’ असं संपवणार होते. कारण आई तो रोज बघायला लागली होती. दुपारी पडदे ओढून, आवाज मोठा करून. मला वाटलं, झुरतेय. परवा मी तिच्या हातातून फोन काढून घ्यायला गेले तर माझ्यावरच डाफरली. म्हणाली, ‘आवाज त्यांचाच आहे, पण हा माणूस मला ओळखत नाही. त्या लोकांना म्हणावं, याला एकदा माझ्यावर खेकसायला लावा. किल्ली कुठं ठेवलीस, एवढंच. दोन वर्षं झाली, घरात कुणी आवाज चढवला नाही माझ्यावर. तू तर मी काचेची असल्यासारखी बोलतेस.’ मग ज्यांना मी शिव्या घातल्या त्या डॉक्टरीणबाईंनाच मी नाक मुठीत धरून विचारलं. बाई माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी खटपट केली. पण अस्वल अख्ख्या मालिकेत एकदाही रागावलेलं नाही, त्यामुळे यंत्राला बाबांचा राग माहीतच नाही. त्यांनी पाठवलं ते आईला ऐकवलं. अस्वल रडत रडत किल्ली मागत होतं. आई म्हणाली, ‘हे कोण?’ आणि कूस बदलून झोपली. संध्याकाळी उठल्यावर म्हणाली, ‘धाकट्याला बोलाव. तो चिडला की डिट्टो.’ मी हे स्वतःहून तुला कधीच सांगितलं नसतं, पण ती खरं बोलतेय. फोनवर लोक तुलाच बाबा समजून चष्म्याची चौकशी करायचे. म्हणून हे पत्र. माफी मागायला येऊ नकोस, ती मला नको आणि आईलाही नको. मेसेज करू नकोस. रजा टाक, गाडी पकड आणि ये. दार मी उघडेन आणि बाजूला होईन. तू आत शिर, आणि कुणाला काही न विचारता ओरड, किल्ली कुठं ठेवलीस म्हणून. सगळ्या जिन्याला ऐकू जाऊ दे. ती उत्तर तयार ठेवून बसली आहे.

अजून रागातच, आणि तरीही तुझीच,
ताई