अंगावर ओरखडाही नव्हता

प्रिय वहिनी,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसले. धाकटीचा ताप उतरला का? औषध साखरेच्या पाण्यातून दे, नुसतं दिलं की थुंकते. दादाही लहानपणी अस्साच होता.

बोगद्याचं काम अजून बंद आहे. मी मात्र रोज दवाखान्याच्या खोलीत येऊन बसते. समोरच्या भिंतीवर तो तक्ता तसाच आहे, किती स्फोटकाला किती अंतर सुरक्षित ते सांगणारा. सुरुंग वेळेआधी उडाला तेव्हा दादा त्या तक्त्याप्रमाणेच, पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभा होता. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला नंतर समजावलं, की ते आकडे मोकळ्या माळावरचे. बोगद्यात हवेचा दणका भिंतींवर आपटून परत येतो, एकाच माणसाला दोनदा-तीनदा बसतो. कातडीला काही होत नाही. जिथे आत हवा असते तिथे फाटतं. कानात, फुप्फुसात, आतड्यात.

घरी आला तेव्हा तो हसत होता म्हणालीस. टीव्हीचा आवाज वाढव म्हणून त्याने डोकं खाल्लं आणि तू चिडलीस. मग खोकला, आणि उशीवर तो गुलाबी फेस. ‘वन्सं, मी त्याला झोपू कसं दिलं हो?’ हे तू मला कितीदा विचारलंस, आणि दर वेळी मी तुझा हात धरून गप्प बसले.

काल चौकशीचा कागद आला. त्यात लिहिलंय, ‘कामगार तपासणीला न येता परस्पर घरी गेला.’ खाली माझी सही हवी आहे. एकच तर ओळ आहे, ताई, असं साहेब म्हणाले.

वहिनी, तो आला होता. धूळ झटकत दारातूनच ओरडला, ‘नर्सबाई, कान बसलेत, जरा बघा!’ छातीत जड वाटतंय म्हणाला. मी बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. आकडा कमी आला. पुन्हा लावला, तेवढाच. बोटं गार असतील, असं मीच म्हटलं. खरं तर त्याला तिथेच आडवा करून गाडी मागवायला हवी होती. पण बाहेर रक्ताने माखलेली माणसं रांगेत होती, आणि हा आपल्या पायांवर उभा राहून माझी थट्टा करत होता. घरचाच म्हणून वहीत नावही लिहिलं नाही. म्हटलं, जा घरी, जरा पड.

त्याला झोपायला मी सांगितलं, वहिनी. तू नाही.

मी सही करणार नाही. जे घडलं ते सोमवारी चौकशीत सांगेन. ऐन वेळी माझी जीभ अडखळली तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. माफी मागत नाही, तेवढं तोंड उरलेलं नाही. मुलींना माझ्याकडे पाठवायचं की नाही, ते तू ठरव.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
वन्सं