कोंबडी राखायला मामा हवेत

कारेगाव, ता. शिरूर
दिवाळी होऊन पंधरा दिवस

तीर्थस्वरूप बबनमामा यांच्या चरणी भाचा सत्यजीत याचा कारेगावहून साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मामींची साखर उतरली का? उसाला तोड आली का, की कारखान्याचा माणूस अजून "उद्या येतो" यावरच आहे? (उत्तर द्याल अशी आशा नाही, पण विचारायची रीत आहे आणि काळजीही आहे.) फोन सोडून पत्र का, असं मामी विचारतील. फोन केला की मामी उचलतात आणि "ते रानात गेल्यात" म्हणतात. श्रावणात भर पावसात, ऐन जेवणाच्या वेळेलासुद्धा तुम्ही रानात गेला होतात आणि मामींच्या मागून तुमचा खोकला ऐकू येत होता. पत्र मात्र तुम्ही वाचणार. कागदावर छापलेलं वीजबिलसुद्धा तुम्ही चष्मा पुसून दोनदा वाचता, हे मी लहानपणापासून बघत आलोय. दीड वर्ष झालं, तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. का बोलत नाही ते मला चांगलं माहीत आहे आणि हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र एका काळ्या डब्याबद्दल आहे.

तर झालं असं. आमच्या कंपनीतला पेंट शॉपचा दुबे नोकरी सोडून कायमचा छपऱ्याला गेला. जाताना सामान कमी करायचं म्हणून त्यानं आपला टीव्हीवर खेळायचा गेमचा कन्सोल मला दिला. "ले लो भैया, दो रिमोट हैं," म्हणाला. खरं सांगतो मामा, या वयात मला त्या यंत्राची काहीएक गरज नव्हती. पण 'दो रिमोट' ऐकलं आणि माझ्यापुढं एकदम केडगावची तुमची ओटी उभी राहिली. दुसऱ्या रिमोटवर कोण बसायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. घरी आणून लावला तर त्याची मेमरी दुबेच्या मोटारींनी आणि कुस्त्यांनी काठोकाठ भरलेली. नवीन काही घालायला जाल तर यंत्र म्हणे, जागा नाही, बाहेरून डबा जोडा. बाहेरचा डबा म्हणजे हार्ड डिस्क. धान्याला घरात जागा पुरली नाही की आपण बाहेर कणगी ठेवतो, तसलाच प्रकार.

चांगल्या दुकानातली डिस्क घ्यावी, असं सुवर्णा म्हणाली. (बायकोचं ऐकावं हे मला दर वेळी नंतर पटतं.) मी शिरूरच्या बाजारात गेलो. तिथं सोलापुरी चादरीवाल्याच्या आणि नेलकटरवाल्याच्या मध्ये एक जण चार्जर, टॉर्च आणि डिस्का घेऊन बसला होता. दोन टीबीची डिस्क आणि किंमत किलोभर काजूएवढी. मी हातात घेऊन वजन पाहिलं. चांगली जड लागली. गेली वीस वर्षं मी कंपनीत क्वालिटीला आहे, मामा. केसभर फरकासाठी मी लोकांच्या पेट्याच्या पेट्या परत पाठवल्यात, माझ्या लाल स्टिकरला सप्लायर टरकतात. आणि तो मी, वजनावर वस्तू घेऊन आलो, जसं कलिंगड घ्यावं.

घरी आल्यावर सुवर्णानं नव्या वस्तूला हळदीकुंकू वाहिलं. ट्रॅक्टरला, पिठाच्या गिरणीला वाहतो मग याला का नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते रास्तच आहे. पण अक्षतेचा एक दाणा नेमका वायर खुपसायच्या भोकात जाऊन बसला. अर्धा तास मी सेफ्टी पिन घेऊन तो तांदूळ उकरत होतो. मग एकदाची वायर बसली. यंत्रानं विचारलं, या डब्यातलं सगळं पुसून टाकू का? पुस म्हटलं. पुसलं आणि टीव्हीवर चक्क दोन टीबी जागा दाखवली. मी सुवर्णाकडं अशा नजरेनं पाहिलं की ती आत पोळ्या लाटायला निघून गेली.

त्या रिकाम्या डब्यात पहिल्यांदा काय घातलं असेल? तुम्ही ओळखलं असणार. जुन्या शंभर खेळांचा एक संच मिळतो, त्यात आपला रणगाड्यांचा खेळ आहे. तोच तो. विटांच्या भिंती, झुडपं, पाणी, आणि तळाशी विटांच्या आडोशाला बसलेला तो पक्षी. त्याला सगळं जग गरुड म्हणतं, पण तुम्ही पहिल्या दिवशी "ही कोंबडी कशापायी बसवलीय हितं?" असं विचारलंत आणि तेव्हापासून आपल्यात ती कोंबडीच. तो खेळ पाच मिनिटांत बसला. लावून पाहिला. सुरुवातीची ती टुंगटुंग वाजली आणि मामा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (सुवर्णाला कांदा चिरत होतो असं सांगितलं. ती म्हणाली, कांदा माझ्या हातात आहे.)

सत्याण्णवचा मे महिना होता तो. होळीनंतर आठ दिवसांत वडील गेले आणि मी बोलायचा थांबलो. आईनं मला तुमच्याकडं आणून सोडलं. गावातली माणसं येऊन पाठीवर हात फिरवायची, मोठ्या माणसांसारखं वागायला सांगायची. तुम्ही मात्र एक शब्द बोलला नाहीत. एके दिवशी सकाळी पुण्याला गेलात आणि संध्याकाळच्या दौंड शटलनं परत आलात ते काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मला वाटलं, फवारणीचा पंप. टॉवेल सोडला तर टीव्ही गेम! चाळीस एकर राखणारा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्याच्यापुढं चेअरमन आवाज चढवत नसे तो माणूस टोपी काढून, देवळात बसावं तसा मांडी घालून शटरच्या टीव्हीसमोर बसला आणि एक रिमोट माझ्या हातात देऊन म्हणाला, "सत्या, तू म्होरं हो. मी कोंबडी राखतो."

राखली कसली! पहिल्याच डावात तुमच्याच गोळीनं कोंबडी मेली. दुसऱ्यात तुम्ही माझ्या रणगाड्याला पाठीमागून गोळी घातलीत. रणगाडा डावीकडं न्यायचा तर तुम्ही स्वतःच अख्खे डावीकडं कलायचात, एकदा तर कलून कलून चहाच्या कपावर आडवे झालात. कॅसेट अडली की फुंकायचं काम तुमचं, आणि तुम्ही चुलीत फुंकणी मारावी तशी फुंकर मारायचात. मी दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोललो ते वाक्य "मामा, त्यो आपलाच हाय, मारू नका" हे होतं. मामी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मग एका दुपारी लाइट आली, मोटर चालू झाली, आणि कांद्याला पाणी फिरवायचं सोडून तुम्ही सतराव्या फेरीत अडकलात. मामींची हाक अजून माझ्या कानात आहे, "अवो, पाणी समदं शेजाऱ्याच्या उसात गेलं, आन् तुम्ही कोंबडी राखत बसलाय व्हय!" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "जाऊ दे. त्याचा ऊसबी आपलाच." पाण्याची पाळी आयुष्यात तेवढी एकदाच चुकवलीत तुम्ही, मामा. माझ्यासाठी.

भरकटलो. डब्याकडं येतो. रणगाडे बसले एवढ्यावर थांबायचं होतं, पण दोन टीबी जागा डोळ्यांना दिसत होती. मग मी क्रिकेट घातलं, मोटारी घातल्या, आणि खास तुमच्यासाठी शेतीचा एक खेळ घातला. (त्यात ट्रॅक्टर चालवून गहू पेरायचा असतो. दिवसभर रानात राबून आलेल्या माणसानं तो का खेळावा, हा प्रश्न मला खेळ अर्धा उतरल्यावर पडला.) एकेक खेळ म्हणजे धान्याचं पोतं. चार दिवस नेट चालू होतं. प्रत्येक खेळाला यंत्र म्हणायचं, झालं, तयार आहे. मी खूश. रविवारी आमच्या खात्यातल्या दोघांना मुद्दाम जेवायला बोलावलं आणि क्रिकेट लावलं. लागेना. मोटारी लावल्या. लागेनात. ट्रॅक्टर फाटकाशी येऊन उभा राहिला तो उभाच. फाइल खराब आहे, फाइल खराब आहे, एवढंच टीव्ही सांगत राहिला. पाहुणे मटण खाऊन शेवग्याच्या भावावर बोलत बसले.

दुबेला फोन लावला. त्यानं विचारलं, "भैया, खोल के देखा?" पाहुण्यांसमोरच स्क्रू काढले. मामा, आत काय असावं? नखाएवढं एक मेमरी कार्ड, आणि वजन यावं म्हणून गोंदानं चिकटवलेले दोन लोखंडी नट. आम्ही कंपनीत करतो तसलेच! सवयीनं मी त्यांना गेज लावून पाहिलं. नट एकदम पास. अख्ख्या डब्यात तेवढी एकच वस्तू अस्सल होती. दुबेनं समजावलं ते असं की या नकली डब्यात जागा असते मूठभर, पण तो कबूल करत नाही. पोतं आणा, घागर आणा, तो हो हो, झालं झालं म्हणतो आणि सगळं हवेत सोडून देतो. "लेकिन जो सबसे पहले डाला था ना भैया, वो बच गया होगा." कार्ड परत लावलं. रणगाडे लागले. कोंबडी जागेवर.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी बराच वेळ त्या डब्याकडं बघत बसलो. आता ज्याबद्दल हे पत्र नाही म्हटलं होतं, ते सांगतो. दीड वर्षापूर्वी या नव्या घराच्या वास्तुशांतीला मंडप घातला, माइक लावला, सत्काराची यादी केली. ती यादी माझ्या हस्ताक्षरात होती. बेचाळीस नावं. दोन गावांचे सरपंच, पतसंस्थेचे चेअरमन, कॉन्ट्रॅक्टर, फरशीवाला, बोअर मारणारा, एवढंच काय पण पत्ता चुकून आमच्या मंडपात जेवायला बसलेला एक माजी उपसरपंच. प्रत्येकाला फेटा आणि नारळ. तुमचं नाव नव्हतं. तुम्ही पुढच्या रांगेत कोट घालून बसला होतात. ज्या कडुनिंबाखाली मी लहानपणी झोपायचो तो बांधावरचा कडुनिंब तोडून तुम्ही माझ्या दाराची चौकट करून दिली होतीत, आणि माइकवर बोअरवाल्याचं नाव दोनदा पुकारलं गेलं. मला वाटलं होतं, घरच्या माणसाचा का कुठं सत्कार करतात? मामा म्हणजे मीच, स्वतःच स्वतःला फेटा कसा बांधू? आई असती तर तिनं यादी आधी हातात घेऊन बघितली असती आणि माझ्या कानाखाली काढली असती.

तुम्ही न जेवता उठलात. "पाण्याची पाळी हाय," म्हणालात, आत ठेवलेली पिशवी उचललीत आणि त्याच चौकटीतून बाहेर पडलात. त्या आठवड्यात केडगावला शेतीची लाइट रात्रीची होती, मामा, दिवसा मोटर चालणारच नव्हती. मला माहीत होतं. तरी मी तुम्हाला अडवलं नाही, कारण तेवढ्यात माइकवर मला बोलावलं. बाजारातला तो खोटा डबा माझ्यापेक्षा बरा निघाला. त्यानं पहिलं घातलेलं तरी सांभाळलं. मी चुकलो, मामा. मला माफ करा.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला आज्ञाधारक,
सत्यजीत

ता. क. येत्या रविवारी या. कार्यक्रम काही नाही. मंडप नाही, माइक नाही, सरपंच नाहीत. यादी केली आहे, त्यात एकच नाव आहे आणि फेटा सुवर्णानं आणून ठेवलाय. चौफुल्यावरून पारगावच्या पुलानं न्हावऱ्याला या, तिथवर मी गाडी घेऊन येतो. गुडघा दुखत असेल तर थेट केडगावला येतो.

दुसरा ता. क. मामींवर रागावू नका, पण परवा त्या फोनवर हळूच बोलल्या. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला आला तेव्हा पेटीतलं ते जुनं यंत्र तुम्ही देऊ दिलं नाहीत म्हणे. अजून त्याच टॉवेलात आहे. "सत्या इचारंल कवातरी," असं म्हणालात. मी हे ऐकून फोन ठेवला आणि सुवर्णाला फेटा आणायला सांगितला.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी एकदा रणगाडे खेळून घ्यावेत म्हणून आत्ता कन्सोल लावला. कार्डानंही जीव सोडला. आता माझ्याकडं खेळ नाही, रणगाडे नाहीत, फक्त दोन नट आहेत. म्हणजे तुम्हाला बोलवायला काही निमित्तच उरलं नाही. तेव्हा एवढं करा, पेटीतलं यंत्र घेऊन या. त्याच्या वायरीची पिवळी पिन आताच्या टीव्हीला बसत नाही, तिची सोय मी करून ठेवतो. कॅसेट फुंकायला तुम्हीच लागाल. पाण्याची पाळी असली तर असू द्या, जाऊ द्या शेजाऱ्याच्या उसात.

मी म्होरं होतो मामा. कोंबडी तुम्ही राखा.