लाल गाडीचं हँडल

प्रिय गंधाली,

तुझे बाबा दवाखान्यात आहेत आणि माझा फोन त्यांच्या उशाखाली. शेजारच्या चेतनाच्या फोनवरून बोलले असते, पण तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटतं आणि सांगायचं ते राहतं. ती उद्या दहिसरला येतेय, तिच्याच हाती हे देतेय.

रविवारी जुन्या गाड्यांची रॅली होती. त्या दिवशी बाबा पुन्हा शोलावरमच्या शर्यतीत गाडी पळवणारे तरुण दशरथ होतात, तुला माहितीये. हातमोजे, गॉगल, गळ्यात रुमाल, केवढा तो थाट! आणि त्यांची लाडकी लाल टू-सीटर खाली पार्किंगमध्ये रुसून बसलेली.

तिची रीत तू विसरली नसशील. मी स्टिअरिंगवर बसून स्पार्कचा खटका खाली ओढायचा. ते पुढून हँडल लावून ओरडणार, खाली? मी खाली म्हटलं की मगच फिरवणार. खटका वर राहिला तर इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल हाड मोडतं, हे त्यांनीच आपल्याला थोबाडीत मारून शिकवलं.

कितीदा फिरवलं तरी गाडी हूं की चूं करेना. मग पारा चढला. मला केसांना धरून बाहेर ओढलं आणि बॉनेटवर डोकं आपटलं. ओठ फाटला गं, दात हलला. सगळी सोसायटी गॅलरीतून बघत होती, चेतना तेवढी धावत आली. माझं रक्त हातमोज्याने पुसत म्हणतात कसे, रंग खराब केलास. मेल्याला रंगाची पडलीये! मग मला परत सीटवर ढकललं, स्वतःच वाकून खटका वरखाली केला आणि वरच ठेवून पुढे गेले. जाताना दरडावलं, आता तोंडातून शब्द काढलास तर हेच हँडल टाळक्यात घालीन.

खटका वर आहे हे मला दिसत होतं. त्यांनी विचारलंच नाही. मी हात मांडीवर ठेवून गप्प बसले.

हँडल उलटं फिरलं. मनगट पार लोंबलं, हाड कातडी फाडून बाहेर आलं, लाल गाडीवर लाल रक्त. ते जमिनीवर लोळत आई आई करत होते. खरं सांगू? मला दया आली नाही. जिवाला गार वाटलं.

उजवाच हात गेला. ह्याच हाताने, ह्याच हँडलने त्यांनी तुझा हात मोडला होता. घर सोडताना तू मला चल म्हणालीस, पण मी आले असते तर ते गाडी काढून मागोमाग आले असते आणि तुझा दुसराही मोडला असता. त्याच भीतीने मी इथे राहिले.

आता हाताला प्लास्टर आहे, शुक्रवारी त्यांना घरी सोडतील. गुरुवारी मी तुझ्याकडे येतेय, कायमची. साड्या दोनच घेतल्यात, तरी पिशवी जड लागेल, दचकू नकोस. हँडल घेऊन येतेय. हात बरा झाला तरी तो रिकामाच राहू दे.

दाराची कडी काढून ठेव.

तुझीच,
आई