मोनूसाठी काय न्यावं

६ जुलै, रविवार

बाहुली फसली.

गोंदियाच्या बाजारात कितीतरी वेळ घालवून घेतली होती. पोट दाबलं की गाणं म्हणते, डोळे मिटते-उघडते. दुकानदार म्हणाला, "दीदी, इस उमर के बच्चे इसके पीछे पागल हैं." आणि मोनूनं काय केलं — बाहुली गायला लागताच आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं आणि अशी किंचाळली की शेजारीण धावत आली!

मंगलीबाईंनी, म्हणजे मोनूच्या आजीनं, बाहुली माझ्या हातून घेतली. सेल काढले. फळीवर वरती ठेवून दिली. "तुमी आनली थे चांगलीच असन. पन लेकरू भेते ना."

तुमी. माझ्या आईच्या वयाची बाई मला तुमी म्हणते.

हे मला गाडीवर घेऊन परत आले. हे म्हणजे योगराज. मे महिन्यात लग्न झालं तरी नाव घ्यायला माझी जीभ वळत नाही. कागदावर तरी घेते. मोनू त्यांची मुलगी, अडीच वर्षांची. पहिली बायको चेतना तापानं गेली, तेव्हा मोनू अंगावर पीत होती. तेव्हापासून पोरगी नवेगाव बांधला आजीकडेच. मंगलीबाईंना दुसरं कोणी नाही. पोळ्याला मोनूला इकडे केशोरीला आणायचं, तोवर दर रविवारी जाऊन ओळख करायची, असं लग्नाआधीच ठरलेलं.

ओळख! पहिल्याच दिवशी पोरगी मला पाहून पळते.

१० जुलै, गुरुवार

रोवणी लागली. कंबर गेली. बांधावर एका बाईचं लेकरू जुना चमचा घेऊन दिवसभर चिखल उकरत बसलं होतं. एकदाही रडलं नाही. मी वाकून रोपं लावत होते आणि त्या चमच्याकडे बघत होते.

१३ जुलै, रविवार

आज लाकडी ठोकळे नेले. रंगीत. आवाज करत नाहीत, डोळे मिचकावत नाहीत.

मी मनोरा रचला. मोनूनं लांबून पाहिलं, आली, लाथ मारली, परत आजीमागं. मी पुन्हा रचला. पुन्हा लाथ. तिसऱ्या वेळी मला जरा राग आला, खोटं कशाला लिहू. एवढं मन लावून रचतेय आणि हिला मोडायचीच हौस.

मग लक्षात आलं, पोरगी खेळतेय की! तिचा खेळ मोडायचा आहे, रचायचा माझा. मग रचतच गेले. शेवटी शेवटी लाथ मारायच्या आधीच ती खदखदून हसायला लागली. मी पाहायच्या आत तोंड फिरवायची, पण हसली.

मंगलीबाई चुलीजवळ बसून सगळं पाहत होत्या. निघताना एवढंच, "रोवनी कुठवर आली?"

२० जुलै, रविवार

नाल्यावरून पाणी. जाता आलं नाही. हे दिवसभर दारात उभे.

२३ जुलै, बुधवार

हे अर्जुनीहून तीनचाकी सायकल घेऊन आले. लाल. घंटी, टोपली, सगळं. इतके खूश होते की मला बोलवेना. पोरीचे पाय पायडलपर्यंत पोचायला अजून दोन पोळे जावे लागतील.

मामाजींनी मात्र तोंडावर सांगितलं. मामाजी म्हणजे माझे सासरे, बाबूलाल. "हे कोनासाठी आनली रे? माह्यासाठी?" आता त्या सायकलला दोरी बांधून ते कोंड्याचं पोतं गोठ्यापर्यंत ओढत नेतात. वापर तर झाला.

२५ जुलै, शुक्रवार

दामिनीला फोन केला. माझी शाळेतली मैत्रीण, आता अंगणवाडीत आहे. म्हटलं, दोन-अडीच वर्षांच्या लेकराला काय द्यावं? ती हसली. "द्यायचं मंग पाहू. आधी पाह्य ना थे दिवसभर काय करून राहते. भरते का, ओतते का, चढते का, लपते का. त्यातच सामील व्हायचं."

सोपं वाटतं ऐकायला. पण रिकाम्या हातानं जायचं म्हणजे धाडसच.

२७ जुलै, रविवार

रिकाम्या हातानं गेले.

मंगलीबाईंनी पिशवी शोधल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "आज काई नाई?" म्हटलं, "नाही मावशी, आज मीच आले."

मोनू पडवीत कोंडा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरत होती. मी बाजूला जाऊन बसले, दुसरा डबा घेतला, मीही भरायला लागले. तिच्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ तसंच. मग माझ्या तळहातावर काहीतरी गार पडलं. मूठभर कोंडा! मी तो तिच्या डब्यात ओतला. तिनं पुन्हा माझ्या हातावर. सकाळ अशीच गेली. माझी साडी कोंड्यानं माखली. हे ओट्यावर बसून नुसते पाहत होते.

जेवणानंतर मोनू माझं बोट धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. भिंतीवर चेतनाचा फोटो आहे, हार घातलेला. बोट वर करून म्हणाली, "आई."

मी म्हटलं, "हो. आई."

मागं मंगलीबाईंच्या भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. काही वेळानं पुन्हा सुरू झाला.

२८ जुलै, सोमवार

कालपासून एकच विचार. आई तर भिंतीवर आहे. मग मला काय म्हणेल? जबरदस्तीनं म्हणवून घ्यायचं नाही. हे पक्कं.

३ ऑगस्ट, रविवार

तलावावर गेलो, मी आणि मोनूच. मंगलीबाईंनी पाठवलं कसं, हेच नवल. "पान्यात जाऊ देजा नोको," एवढंच म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिल्या. वळून पाहिलं तेव्हाही उभ्याच होत्या.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर बसलो. खडे वेचले. एकेक पाण्यात. मी म्हटलं, "बुडुक." मोनूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. दुसरा खडा, "बुडुक." मग तिनं टाकला, आणि थांबली. मी म्हणायची वाट पाहत. लहान खड्याला बारीक बुडुक, मोठ्याला जाड बुडुक. एक जाळंवाला डोंगा वल्हवत जात होता, तोही ओरडला, "बुडुक!" मोनू हसून हसून लोळली.

घरी आल्यावर आजीला सांगितलं, माझ्याकडे बोट करून: "बुडुक."

म्हणजे माझं नाव ठरलं.

४ ऑगस्ट, सोमवार

मामाजींना नाव कळलं. सकाळपासून "बुडुकबाई, चहा." हेही हसतात. हसू देत.

१० ऑगस्ट, रविवार

ओढणीखाली लपायचा खेळ. मी लपते, ती ओढते. ती लपते, मी "मोनू कुठं गेली बाप्पा" करत सगळं घर शोधते, आणि ती ओढणीखालून "इथं!" म्हणून स्वतःच सांगून टाकते. खेळता खेळता दमली आणि माझ्या मांडीवर झोपली. पहिल्यांदाच. मी पाय हलवला नाही. मुंग्या आल्या तरी.

मंगलीबाई आल्या आणि एकदम तिला उचलून आत घेऊन गेल्या. मला वाईट वाटलं. जरा रागही आला. बाहेर येऊन त्या माझ्यासमोर खालीच बसल्या. पदर तोंडाला लावला.

"पोळ्याले घेऊन जासान. मंग मी कोनासंग बोलू?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

यांना म्हटलं, "मावशींनाही इकडंच आणू." हे म्हणाले, "मी मागच्या साली बोललो होतो. नाई म्हनते मामी. घर हाये, कोंबड्या हायेत, तलाव हाये म्हनते." (सासूला हे मामी म्हणतात.) "तू बोलून पाह्य."

१७ ऑगस्ट, रविवार

बोलले. नाहीच म्हणाल्या. रागावून नाही, शांतपणे. "माह्या घरी मी बरी. पन पोळ्याले तिले घेऊन मीच येतो. दोन दिवस राहीन. तिले तुमचं घर दाखवीन, मंग जाईन."

तेवढं तरी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, त्यासाठी मोनूला लाकडी नंदी पाहिजे. आज सुताराकडून आणला. सागाचा, चाकं असलेला, शिंगांना बेगड. कान जरा वाकडा आहे, पण तोच मला आवडला. या वेळी फसणार नाही. पोरांना ओढायला काहीतरी लागतंच, आणि मागं वळून ते येतंय का पाहायला तर फारच आवडतं.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

किती लिहू आज.

काल बैलांच्या पोळ्याच्या धामधुमीत संध्याकाळी दोघी आल्या. मंगलीबाईंच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. सकाळी उघडलं. नंदी! निळा रंगवलेला, गळ्यात घुंगरू. त्यांनी नवेगावच्या सुताराकडून करवून घेतलेला. मोनूनं त्याला मिठी मारली.

मी आमचा नंदी हळूच गव्हाच्या कोठीमागं सरकवून दिला. यांनी पाहिलं, भुवया वर केल्या. मी मान हलवली, नको. आजीचा आहे ना एक, पुरे. पोरीनं कोणाचा घ्यायचा आणि कोणाचा ठेवायचा, हे तिला कशाला निवडायला लावायचं?

पण मामाजी! त्यांच्या पोटात काय राहतं? "अवो बुडुकबाई, तुमचा बैल कुठं गेला? परवाच आनला ना?"

सगळे माझ्याकडे. मंगलीबाई उठल्या, माझ्या जवळ आल्या.

"कुठं ठेवला?"

"असू द्या मावशी. तुमचा छान आहे."

"एका बैलानं कधी नांगर चालते का वो? काढ थो बी."

काढ, म्हणाल्या. काढा नाही.

दोन्ही नंदी सुतळीनं बाजूबाजूला बांधले. एक निळा, एक वाकड्या कानाचा. मोनू जोडी ओढत गल्लीभर फिरली. दर चार पावलांवर मागं वळून पाहायची, येतात का दोघं. घरोघरी बायांनी बैलांना ओवाळलं, तिच्या झोळीत खाऊ टाकला. एका बाजूनं मंगलीबाई, एका बाजूनं मी. हे मागून, सुतळी दगडात अडकली की सोडवायला.

गल्लीतल्या एका बाईनं विचारलं, "आई कोन इची?" मी काही बोलायच्या आत मोनूच बोलली, "बुडुक!" बाईला काही कळलं नाही. आम्ही तिला काही समजावलंही नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

मंगलीबाई पहाटेच पिशवी भरून तयार. हळू आवाजात म्हणाल्या, "झोपली हाये तवाच निंगतो. उठली त रडन."

मी दारात आडवी उभी राहिले. मला माझंच नवल वाटलं. म्हटलं, "नको मावशी. झोपेतून उठली आणि तुम्ही नाहीत, तर पुढं रोज झोपायलाच घाबरेल. रडू द्या. पण तुम्हाला जाताना पाहू द्या."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग पिशवी ठेवून बसल्या. मोनू उठल्यावर तिला मांडीवर घेऊन सांगितलं: आजी घरी जाते, रविवारी मोनू येईल, बुडुक घेऊन येईल. मोनू रडलीच. अंगण दणाणून सोडलं. हे आजीला सोडायला गाडीवर गेले आणि मी तिला घेऊन गोठ्यात बसले. रडणं थांबवलं नाही, थोपटत राहिले. मग दोन डबे काढले, कोंडा काढला. रडत रडतच तिनं पहिली मूठ भरली.

दिवसभर "आजी?" विचारत होती. दर वेळी मी "रविवारी" म्हणत होते. संध्याकाळी विचारलं नाही. स्वतःच म्हणाली, "रविवारी."

३० ऑगस्ट, शनिवार

पोरगी रुळतेय. मामाजींच्या सायकलवर पोत्याच्या जागी बसते आणि ते ओढतात. म्हणजे यांची सायकल अगदीच वाया गेली नाही! खेळणं म्हणाल तर आजचं सगळ्यात आवडतं: माझे धुतलेले कपडे बादलीतून काढून पुन्हा भिजवणं.

घरात आवाज आहे. मला बरं वाटतंय. इतकंच लिहायचं होतं.

७ सप्टेंबर, रविवार

नवेगावला गेलो, मामाजीही आले होते. चहा पिता पिता ते मंगलीबाईंना बोलून गेले, "तुमी म्हनल्या थेच खरं निंगालं, विहीनबाई." मी विचारलं, काय म्हणाल्या होत्या? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी योगराजच म्हणाले, "तुझं स्थळ मामीनंच दाखवलं होतं. मी त लग्नाले तयारच नव्हतो." मागच्या हिवाळ्यात अर्जुनीच्या कोणाच्या तरी लग्नात मंगलीबाईंनी मला पाहिलं होतं म्हणे. सगळ्या बाया नवरीभोवती आणि मी मांडवामागं लेकरांसोबत मातीत बसलेली. तिथूनच त्या उठून तडक मामाजींकडे गेल्या होत्या, "हेच पोरगी मोनूले सांभाळन" म्हणत.

मी त्यांना विचारलं, "मला एकदाही सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं त तू माह्यासाठी खेळली असतीस," मंगलीबाई म्हणाल्या. "मले तिच्यासाठी खेळनारी पाहिजे होती."